शामोनी: पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे

शनिवार: जिनिव्हा ते शामोनी

जिनिव्हा विमानतळावरून फ्रान्सच्या आल्प्समधल्या शामोनीला नेणाऱ्या सामायिक व्हॅनला सव्वा ते दीड तास लागतो. स्कीची लांब पिशवी बरोबर आहे हे बुकिंग करतानाच कळवावं. प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

गाव १,०३५ मीटरवर आहे आणि डोक्यावरच्या माँ ब्लांची उंची ४,८०० मीटरच्या थोडी वर. मधली पावणेचार हजार मीटरची भिंत गावातल्या कुठल्याही चौकातून दिसते. त्या भिंतीवर ३,८४२ मीटरच्या एग्वी द्यु मिदीवर १९५५ पासून रोपवे जाते. भिंत आणि रोपवे अशा जवळजवळ असल्यामुळेच अति-उभ्या उतारांवरच्या स्कीइंगचं माहेर हे गाव झालं.

स्की रिसॉर्टमधली 'काळी' धाव, म्हणजे आखलेल्या वाटांतली सर्वांत अवघड, सहसा चाळीस अंशांच्या आतच संपते. इथे ज्याला स्टीप म्हणतात ते पंचेचाळीसच्या पुढे सुरू होतं. पडल्यावर थांबता येणार नाही, ही त्याची कामचलाऊ व्याख्या. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्यांनी ती दगडधोंड्यांऐवजी बर्फाने भरलेली आणि उतार कुठेही न मोडणारी अशी डोळ्यांपुढे आणावी. तशा घळीला इथे कुलुआर म्हणतात.

एप्रिलचा दुसरा पंधरवडा निवडला तो हवेच्या सुखासाठी नव्हे. जानेवारीतला कोरडा, पिठासारखा बर्फ पन्नास अंशांच्या उतारावर टिकतच नाही, घसरून जातो आणि खाली निळा कडक बर्फ उघडा पडतो. वसंतात पडणारा बर्फ ओलसर असतो. तो भिंतीला लिंपल्यासारखा चिकटतो आणि रात्रीच्या थंडीत घट्ट होतो.

संध्याकाळी पहिली फेरी चर्चच्या चौकातल्या 'ला शामोनियार्द'च्या माहिती कार्यालयात. कुठल्या हिमनदीवर भेगा उघडल्यात, कुठला बर्फाचा पूल कोसळला, रॅपलचे अँकर (दोराने उतरण्यासाठी दोर बांधायच्या जागा) वर आहेत की गाडले गेलेत, हे सगळं इथे फुकट कळतं. मेतेओ-फ्रान्स या हवामान खात्याचं हिमप्रपाताचं पत्रकही इथे लागतं. त्यातला धोक्याचा १ ते ५ मधला आकडा पाहून परतणारे बरेच असतात, पण खरी माहिती शेजारच्या दिशाचक्रात असते: धोका कोणत्या दिशेच्या आणि कोणत्या उंचीवरच्या उतारांवर आहे. आकडा २ असला तरी उत्तरेच्या सावलीतल्या उतारावर वाऱ्याने रचलेली बर्फाची एक फळी माणसाला खाली न्यायला पुरते.

विम्याचंही आजच बघावं. भारतातल्या बहुतेक प्रवास विम्यांतून गिर्यारोहण आणि आखलेल्या धावांबाहेरचं स्कीइंग वगळलेलं असतं. वरच्या डोंगरातली सुटका पेजेआशएम हे गिर्यारोहक पोलिसांचं पथक मोफत करतं. रिसॉर्टच्या धावेवर पाय मोडला तर मात्र खाली आणण्याचं बिल येतं. दवाखान्याचा खर्च दोन्हीकडे आपलाच.

रविवार: ब्रेव्हां, सराव

ब्रेव्हां दरीच्या पलीकडच्या अंगाला, २,५२५ मीटरवर. समोर शामोनीच्या सुळक्यांची अख्खी रांग उघडी असते. वळणांचा सराव करायचा आणि दुर्बिणीतून समोरच्या घळी वाचायच्या, असा दुहेरी दिवस.

आधी उतार मोजायला शिकावं, कारण डोळा नेहमी पाचदहा अंश वाढवून सांगतो. दोन्ही काठ्या सारख्या लांबीच्या करा. एक बर्फावर टेकवून ओळंब्यात उभी धरा. दुसरी तिच्या माथ्यापासून उताराकडे अगदी आडवी धरा. आडव्या काठीचं टोक नेमकं बर्फाला टेकलं तर उतार ४५ अंश. टोक हवेतच राहिलं तर कमी. काठीचा सुमारे सहावा हिस्सा उरला असतानाच बर्फ लागला, तर ५० अंश. तिथे उभं राहिल्यावर वरच्या बाजूचं कोपर सहज बर्फाला लागतं.

वळण उडीचं. स्की उताराला आडव्या, पाय कमरेइतके फाकलेले. आधी दोनेक मीटर आडवं घसरत जाऊन स्कीच्या कडा बर्फ धरतात का ते पाहायचं. खालची काठी बुटाच्या बरीच खाली रोवायची, वरची कमरेच्या बाजूला. मग वरच्या पायाने सायकलच्या पेडलसारखा जोर देऊन उठायचं, खालची स्की आधी बर्फावरून उचलायची, हवेत दोन्ही वळवायच्या, दोन्ही कडांवर एकदम उतरायचं आणि गुडघ्यांत धक्का जिरवून थांबायचं. थांबणं हा वळणाचाच भाग. पुढची उडी श्वास जागेवर आल्यावर.

चुका दोनच होतात, पण त्या सगळ्यांच्या होतात. पहिली, भीतीने डोंगराकडे झुकणं. त्याने खालच्या स्कीवरचं वजन निघून जातं, कड सुटते आणि कंबर बर्फावर आदळते. दुसरी, स्कीची शेपटी मागच्या उतारात अडकणं. उतार जितका उभा तितकी शेपटी जास्त उचलावी लागते. म्हणून या कामाला फार लांब स्की नको. १७० ते १८० सेंटिमीटर लांबीची आणि मधोमध ९० ते १०० मिलिमीटर रुंदीची स्की बहुतेकांना पुरते.

कडा घासून घेण्यात कंजुषी करू नये. गावातल्या दुकानात रात्री दिलेली स्की सकाळी तयार मिळते. 'पुढच्या टोकाशी थोडी बोथट करू का?' असं कारागीर विचारतो. पिठासारख्या बर्फासाठी हो म्हणावं, कडक घळीसाठी नाही.

काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवायचे नाहीत. स्कीला बूट जोडणाऱ्या बाइंडिंगच्या पुढच्या पिना कुलूपबंद करायच्या की नाही यावर मात्र मतं कायम दुभंगलेली. बंद केल्या तर स्की नको तेव्हा सुटत नाही, पण हिमप्रपातात सापडल्यावरही सुटत नाही आणि नांगरासारखी खाली ओढते. पडणं परवडणारच नाही अशा उतारावर बंद आणि खालच्या रुंद मैदानात उघड्या, हा मार्ग मला पटतो.

सोमवार: बर्फ, वारा आणि गाव

रात्रीपासून बर्फ. वरच्या रोपवे वाऱ्यामुळे बंद. अशा दिवशी शामोनीत कॅफे भरतात आणि प्रत्येक टेबलावर गुरुवार-शुक्रवारचे बेत शिजतात.

गावच्या दफनभूमीत इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्परची कबर आहे. १९११ साली तो इथेच वारला. २९ जून १८६५ ला त्याने ख्रिस्टियान आल्मर आणि फ्रान्झ बिनर यांच्यासह ४,१२२ मीटरचं एग्वी व्हेर्त पहिल्यांदा सर केलं. मॅटरहॉर्न त्यानंतर पंधरा दिवसांनी. ज्या घळीतून ते चढले तिला आज व्हिम्पर कुलुआर म्हणतात. १९६८ च्या जूनमध्ये तिच्यातूनच सिल्व्हां सोदां स्कीवर खाली उतरला.

सोदां मूळचा स्वित्झर्लंडमधल्या मार्तिन्यीच्या परिसरातला, जन्म १९३६. सप्टेंबर १९६७ मध्ये एग्वी द ब्लेतिएरवरच्या स्पेन्सर कुलुआरमधून तो उतरला, आणि पन्नास अंशांवर स्की चालवता येते हे लोकांनी मान्य केलं. त्याआधीही काही उभे उतार झाले होते, पण एखाद्याने याचंच आयुष्य करावं ही गोष्ट नवी होती. पुढच्या वर्षी व्हिम्पर, ऑक्टोबरमध्ये माँ ब्लां द्यु ताक्युलवरची जेर्व्हासुत्ती घळ, १९७० मध्ये आयगरचा पश्चिम उतार, १९७२ मध्ये अलास्कातलं देनाली. १९७७ मध्ये तो झंस्कारच्या ७,१३५ मीटरच्या नूनवरून उतरला. १९८२ मध्ये काराकोरममधल्या हिडन पीकवरून उतरला, आणि शिखरापासून पायथ्यापर्यंत स्कीवर उतरलेलं ते पहिलं आठ हजारी शिखर मानलं जातं. काश्मीरमध्ये त्याने हेलिकॉप्टर स्कीइंगचा धंदाही अनेक वर्षं चालवला. गुलमर्गला स्की शिकलेल्या आपल्याकडच्या जुन्या मंडळींना हे नाव परकं नाही.

त्याचं वळण आजच्यासारखं उडीचं नव्हतं. स्की लांब आणि जड असत. वजन टाचांवर टाकून टोकं किंचित उचलायची आणि शेपट्यांवर फिरवत काचेवरच्या वायपरसारखी इकडून तिकडे न्यायची, अशी त्याची पद्धत. पेडल मारून उडी घ्यायची रीत पुढे पात्रिक व्हालांसां, आन्सेल्म बो यांच्या पिढीने पक्की केली.

त्याच काळातला मेरानोचा हाइनी होल्झर पेशाने धुराडी साफ करणारा. जी घळ उतरायची ती आधी पायी चढायची, हा त्याचा नियम. मला सोदांच्या यादीपेक्षा हा नियम मोठा वाटतो. चढताना प्रत्येक पावलाला बर्फाची जाडी कळते, कडक पट्टा कुठे आहे ते कळतं, थांबायच्या जागा पाठ होतात. वरून आयतं उतरणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. रोपवेने वर जाऊन उतरण्याच्या घळी इथे आहेत म्हणून हा नियम सोडायचा मोह शामोनीत सर्वांत जास्त.

यावर पोट कसं चालतं? बहुतेकांचं गाइडगिरीवर. कॉम्पान्यी दे गीद ही इथली गाइडांची संस्था १८२१ ची, आणि गाइडचं शिक्षण एन्सा या गावातल्याच सरकारी संस्थेत मिळतं. शिक्षणाला काही वर्षं जातात आणि त्यात स्की जितकी लागते तितकाच दोर लागतो. प्रायोजक आणि चित्रफिती मोजक्यांच्या वाट्याला. स्लोव्हेनियाचा दाव्हो कार्निचार ७ ऑक्टोबर २००० ला एव्हरेस्टवरून स्की न काढता बेस कॅम्पला उतरला. पोलंडचा आंजेय बार्गिएल २०१८ मध्ये के-टूवरून, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कृत्रिम प्राणवायूशिवाय चढून एव्हरेस्टवरून.

दुसरी, मरण पावलेल्यांची यादीही लक्षात ठेवावी. होल्झर १९७७ मध्ये पिझ रोझेगवर गेला. स्नोबोर्डवाला मार्को सिफ्रेदी शामोनीचाच, २००२ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसा झाला. डग कूम्ब्स २००६ मध्ये ला ग्राव्हला, हिलरी नेल्सन २०२२ मध्ये मनास्लूवर. व्हालांसां १९८९ मध्ये गेला, पण स्कीवर नव्हे, खडकावर. सोदां २०२४ च्या जुलैमध्ये गेला तेव्हा ८७ वर्षांचा होता.

जेवणाबद्दल: तार्तिफ्लेत म्हणजे बटाटा, कांदा आणि रब्लोशों चीज भाजून केलेला पदार्थ. थंडीत त्याच्याइतकं पोटभरीचं दुसरं काही नाही, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. शाकाहाऱ्यांनी 'सां लार्दों' म्हणावं. मिळालं तर ठीक, नाहीतर फोंद्यू, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये बुडवून खायचा ब्रेड.

मंगळवार: एग्वी द्यु मिदी, व्हाले ब्लांश, मेर द ग्लास

आकाश धुतल्यासारखं. पहिल्या रोपवेची रांग पहाटेच लागते. आदल्या रात्री ठरावीक गाडीची जागा राखून ठेवावी.

वीस मिनिटांत २,७०० मीटरहून जास्त वर जाणं शरीराला आवडत नाही. पायऱ्या चढताना डोकं हलकं होतं. दहा मिनिटं बसून पाणी प्यावं, मग बर्फाच्या बोगद्यातच हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा), क्रॅम्पॉन (बुटाखालचे काटे) आणि बीकन (गाडलेल्याला शोधायचं संदेशयंत्र) तपासून घ्यावेत. बीकन 'पाठवा'वर आहे की नाही हे एकमेकांचं बघायचं. गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच खरी, आणि तेवढ्यात बाहेरून मदत पोचत नाही. फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) बॅगेच्या वरच्या कप्प्यात.

बोगद्याबाहेरची अरुंद धार उतरताना स्की पाठीवर, पायात क्रॅम्पॉन आणि एकमेकांत दोर. डाव्या हाताला थेट गाव दिसतं.

व्हाले ब्लांश स्वतः अवघड नाही. हिमनदीवरून उतरणारी वीसेक किलोमीटरची वाट, आणि खरा धोका भेगांचा. हार्नेस अंगावरच ठेवायचा, भेगांच्या पट्ट्यात थांबायचं नाही, फोटोसाठी स्की काढायची नाही. स्कीमुळे वजन पसरतं. ती काढली की तोच बर्फाचा पूल एका बुटाने फुटतो.

वाटेत ताक्युलची पूर्व भिंत समोर येते आणि तिच्यात जेर्व्हासुत्ती, आठेकशे मीटरची सरळ पांढरी पट्टी. तिच्या माथ्यावर सेराक, म्हणजे हिमनदीचे सुटायला आलेले बर्फाचे प्रचंड ठोकळे, टांगलेले आहेत. उताराचा कोन आणि बर्फाची प्रत कितीही चांगली असो, सेराक कधी सुटेल याला वेळापत्रक नाही. म्हणून इथले लोक कोनाआधी 'वर काय टांगलंय' ते विचारतात.

शेवटी मेर द ग्लास. मोंतांव्हेरच्या जुन्या रेल्वे स्टेशनवर परतण्यासाठी हिमनदीपासून शेकडो पायऱ्या चढाव्या लागत. आता आणखी वरच्या अंगाला नवी गोंडोला आहे. जुन्या पायऱ्यांच्या कडेला हिमनदी कोणत्या वर्षी कुठवर होती त्याच्या पाट्या आहेत. १९९० ची पाटी इतकी वर आहे की ती चुकून लावली असावी असं वाटतं. सोदांच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तारखा आज का जमत नाहीत त्याचं उत्तर त्या पाट्यांत आहे. त्या महिन्यांत आता घळींत उरतो तो कडक बर्फ आणि सुटे दगड.

बुधवार-गुरुवार: आर्जांतिएर हट

२०१८ च्या आगीत ग्रां मोंते या स्की रिसॉर्टची वरची रोपवे गेली, त्यामुळे हे खोरं पुन्हा लांबचं झालंय. लॉन्यानच्या रोपवे स्टेशनपासून स्कीला स्किन (चढताना मागे घसरू न देणाऱ्या, तळाला चिकटवायच्या पट्ट्या) लावून हिमनदीच्या कडेने वर जायचं, मुक्कामाची हट २,७७१ मीटरवर. तीन-चार तासांची चाल. सकाळच्या कडक बर्फावर आडव्या चढाला स्किन धरत नाहीत. स्कीखाली बसवायचे क्रॅम्पॉन खिशात हवेत, बॅगेच्या तळाशी नकोत.

हटच्या अंगणातून व्हेर्त, द्रुआत, कुर्त, त्रिओले अशा उत्तर भिंती एका रांगेत दिसतात. त्यातला ३,८५६ मीटरच्या कुर्तचा ईशान्य उतार म्हणजे इथल्या उभ्या स्कीइंगची परीक्षा: सुमारे आठशे मीटर, बहुतेक ४५ अंश आणि वर पन्नासच्या आसपास. तळाला रिमाय, म्हणजे भिंत आणि हिमनदी यांच्यामधली भेग.

जेवण साडेसहा-सातला. डाळीचं सूप, भात, चीज. पिण्याचं पाणी विकत, आणि महाग, कारण सगळं खालूनच आणावं लागतं. जेवणानंतर हटची चालक बाई टेबलाटेबलाशी येऊन उद्या कुठे जाणार ते विचारते आणि वहीत लिहिते. त्यावरून न्याहारीची वेळ ठरते आणि कोणी परतलं नाही तर शोध कुठे घ्यायचा तेही. बेत बदलला तर तिला सांगूनच निघावं.

पहाटे दोनला दार उघडलं तर चांदण्या नाहीत. ढगांचं पांघरूण असलं की जमिनीची उष्णता आकाशात निघून जात नाही आणि थर्मामीटर शून्याखाली दिसला तरी बर्फ नीट गोठत नाही. चाचणी सोपी: स्कीशिवाय एक पाय टाकायचा. बूट घोट्याच्या आत थांबला तर ठीक, पोटरीपर्यंत गेला तर परत अंथरुणात. इथे पोटरी. त्यात सोमवारचा नवा बर्फ वर बसलेला, आणि ईशान्य उतारावर ऊन पहिल्या किरणालाच येतं. चढायला चार-पाच तास धरले तर उतरायच्या वेळी तो थर चपचपीत. त्या दिवशी कुर्तकडे एकही दिवा गेला नाही. बाईने वहीत सगळ्यांची नावं शांतपणे खोडली आणि न्याहारीची वेळ साडेसहा केली. ब्रेड, जाम, वाडग्यात चहा. सोबत नेलेली शेंगदाण्याची चिक्की वाटून संपली. ती आतल्या खिशात ठेवावी, बाहेर दात लागत नाहीत.

शुक्रवार: कोस्मिक कुलुआर

गुरुवारी संध्याकाळी आकाश मोकळं झालं आणि रात्री कडक गोठलं. एग्वी द्यु मिदीवरून उतरणारी ही घळ पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे ऊन उशिरा. फार लवकर गेलं तर पाट्यासारखी कडक, दुपारी गेलं तर बाजूच्या भिंतींवरून ओले लोट. साडेदहाच्या सुमारास तोंडाशी असणं बरं. खालून चढून पाहिलेली नाही म्हणून बरोबर गाइड, आणि गाइडकडे आदल्या दिवशी तिथून उतरलेल्यांची माहिती. होल्झरच्या नियमाला एवढीच पळवाट.

सुरुवात रॅपलने, पन्नास-साठ मीटर, बर्फ कमी असेल तर जास्त. सहा मिलिमीटरचा हलका दोर नेला असेल तर तो साध्या उपकरणातून भसाभस सुटतो. जास्तीचा कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) घालून घर्षण वाढवा आणि खाली प्रुसिक (दोर आवळून धरणारी गाठ) लावा. दोराच्या टोकांना गाठी. स्की पायातच, कारण खाली ती घालायला सपाट जागा मिळेलच असं नाही. गुडघे फाकून, स्की आडव्या ठेवून उतरायचं. दोर खेचताना वरचे दगड सुटतात, खालच्याने भिंतीला चिकटून उभं राहावं. अँकरचा जुना पट्टा उन्हाने पांढरा पडला असेल तर स्वतःचा घाला. तेवढ्यासाठी तीन-चार मीटर कॉर्ड आणि चाकू बरोबर असतो.

मग ४५ अंशांचा सलग उतार. शेजारच्या ग्लासिए रोंसारखा खाली कडा नाही, म्हणून अवघडपणात हिचा क्रम इथल्या घळींत खालचा. तरी पहिली दहा वळणं एकेक करून. प्रत्येक उडीने सुटा बर्फ निघतो आणि आपल्यामागून वाहत येतो. तो गुडघ्यावर आदळला की पाय काढतो. दर चार-पाच वळणांनी कडेला सरकायचं, त्याला पुढे जाऊ द्यायचं, मग त्याने घासलेली कडक पट्टी टाळून दुसऱ्या बाजूने उतरायचं. एका वेळी एकच माणूस घळीच्या मध्यात, बाकीचे खडकाच्या आडोशाला. मांड्या पेटतात ते मधल्या टप्प्यात, आणि घाई सुचते तीही तिथेच.

खाली बोसों हिमनदीच्या अंगाने, जुन्या रोपवेच्या गार दे ग्लासिए स्टेशनच्या अवशेषांजवळून, माँ ब्लां बोगद्याच्या तोंडाशी. ते १,२७४ मीटरवर, म्हणजे वरून खाली अडीच हजार मीटर. एप्रिलअखेरीस शेवटचा पट्टा झाडीतला, बर्फ तुकड्यातुकड्यांत, मधे चिखल आणि मुळं. हलके बूट बॅगेत असतील तर स्की पाठीला बांधून अर्धा तास चालणं सोपं पडतं. नसतील तर स्कीच्या बुटांनी टाचा सोलतात. गावात पोचल्यावर बीकन बंद करायचा आणि स्कीच्या कडा कोरड्या पुसायच्या. ओल्या पिशवीत बांधून मुंबईपर्यंत आणल्या तर गंज विमानातच चढलेला असतो.